एरंडी पेंड की निंबोळी पेंड? घरात कुत्रा असेल तर

गुलाबाला, मोगऱ्याला नत्र हवं म्हणून नर्सरीवाले दोन्ही पेंडी सुचवतात. नत्राच्या बाबतीत दोघींत फार फरक नाही, ४-५ टक्क्यांच्या आसपास. दोन्ही हळूहळू कुजतात, माती भुसभुशीत होते.

खरा फरक कुत्र्याच्या नाकाला कळतो. एरंडीचं तेल काढल्यावर रिसिन हे विष पेंडीतच उरतं. नीट उष्णता दिली तर ते निकामी होतं, पण सुट्या पेंडीवर ती प्रक्रिया झाली की नाही, हे आपल्याला कसं कळणार? वास कुत्र्यांना आवडतो. त्यात हाडांचा चुरा मिसळलेला असेल तर ती कुंडी उकरूनच काढतात. मग उलट्या, रक्ताचे जुलाब. कधी जीवही जातो. अशा वेळी घरगुती उपाय करत बसू नका, थेट पशुवैद्य गाठा.

निंबोळी पेंड कडू. कुत्री सहसा तोंड लावत नाहीत, शिवाय मुळांवरच्या सूत्रकृमींनाही (मातीतल्या, धाग्यासारख्या बारीक कृमींनाही) आळा बसतो. वास उग्र असतो एवढंच. माझ्या मते कुत्रा असलेल्या घरी एरंडी पेंड आणूच नये. ‘मिश्र पेंड’ घेतानाही आत काय आहे ते विचारा. निंबोळी पेंडही मूठभरच घ्या, मातीत कालवा आणि पाणी द्या.