बाथरूमच्या भिंतीचा फुगणारा पेंट: एक पावसाळा आणि एक हिवाळा काढल्यानंतर

मागच्या उन्हाळ्यात बाथरूमच्या भिंतींचं काम करून घेतलं, आता पावसाळा गेला, थंडीही सरत आलीये, म्हणजे खरं काय ते सांगायला हरकत नाही. पेंट टिकलाय. पण त्याचं श्रेय पेंटच्या डब्याला मी जेमतेम चार आणे देईन, बाकीचे बारा आणे प्लंबरला, एक्झॉस्ट फॅनला आणि भिंत सुकेपर्यंत तिला हात न लावण्याला.

घर इंदूरला लोकमान्य नगरात, जुनं बांधकाम, बाथरूमला छातीपर्यंत टाइल्स आणि वर पेंट. दर दिवाळीच्या आधी पुताईवाला (रंगारी) यायचा, वरवर खरवडायचा, पुट्टीचा हात मारायचा, वरून दोन कोट, आणि "भिया, अब पाँच साल देखना मत" म्हणून पैसे घेऊन जायचा. संक्रांतीला तिळगुळाच्या वेळेस फुगे परत हजर. आमच्या बाबांचं म्हणणं एकच, छतापर्यंत टाइल्स लावून टाक, कटकट मिटेल. मला ते पटत नव्हतं, कारण बाथरूमच्या पलीकडे जी बेडरूम आहे तिथे कपाटामागची भिंतपण फुगायला लागली होती, म्हणजे पाणी भिंतीच्या आतच फिरतंय, बाथरूमकडून टाइल्सने झाकलं तर ते बेडरूमकडून जास्त निघेल एवढंच.

यावेळी पुताईवाल्याला बोलावण्याआधी फुगे नीट बघितले. हे प्रत्येकाने करावं, फुकट आहे. कटरने फुगा कापायचा आणि पेंटची साल उलटी करून बघायची. शॉवरच्या नळाजवळचा फुगा कापला तर आतली पुट्टी भिजवलेल्या मैद्यासारखी बोटाला लागली, सालीच्या मागे पांढरे बारीक केसासारखे क्षार उभे. म्हणजे पाणी मागून येतंय, येताना प्लास्टरमधले क्षार विरघळवून आणतंय, पुढे पेंटचा पडदा आहे म्हणून तिथेच अडकतंय आणि सुकताना क्षार फुलून पेंटला ढकलतायत. गीझरच्या वरचा भाग मात्र वेगळा निघाला. तिथे आतली पुट्टी कोरडी, फक्त वरचा थर सोलून येत होता आणि खाली जुना चकचकीत ऑइल पेंट जसाच्या तसा, म्हणजे कुणीतरी कधीतरी घासल्याशिवाय त्याच्यावरच प्लास्टिक पेंट चढवला होता, त्यात वाफ, मग काय धरणार. एकाच बाथरूममध्ये दोन वेगळे आजार आणि पुताईवाला दोन्हीला एकच औषध देत होता.

शंका राहिली तर अजून एक साधी परीक्षा आहे, हातभर लांब-रुंद, जाड प्लास्टिकचा तुकडा कोरड्या दिसणाऱ्या भिंतीवर चारी बाजूंनी टेपने चिकटवा आणि एक दिवस-रात्र राहू द्या. प्लास्टिकच्या आत भिंतीकडून थेंब जमले तर ओल भिंतीत आहे, बाहेरून जमले तर हवेतली वाफ आहे.

नळाजवळची ओल कुठून येते ते शोधायला रात्री बाथरूमचे सगळे नळ बंद करून गच्चीवरच्या टाकीत पाण्याची पातळी खडूने मार्क केली. नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं त्यामुळे ज्या रात्री पाणी येणार नाही तीच रात्र धरायची, नाहीतर टाकी भरत राहते आणि काही कळत नाही. सकाळी पातळी उतरलेली. प्लंबरने टाइल फोडली तर भिंतीतली जुनी लोखंडी जीआय लाइन एल्बोपाशी, म्हणजे वळणाच्या जोडापाशी, गंजलेली, धार नाही, नुसतं पाझरत होतं, तेवढं पुरतं. तेवढी लाइन प्लास्टिकच्या सीपीव्हीसी पाइपची करून घेतली, प्रेशर पंप लावून टेस्ट केली आणि मगच भिंत बुजवली. टेस्ट न करता प्लास्टर करू देऊ नका, प्लंबर घाई करतात, त्यांना पुढचं काम असतं.

मग खरवडणं. वाजवून बघत जायचं, जिथे पोकळ आवाज येतो तिथलं प्लास्टर काढून टाकायचं, पुट्टी तर पूर्णच. काळी बुरशी होती ती पातळ केलेल्या ब्लीचने पुसली (ब्लीच आणि टॉयलेट क्लीनरचं अ‍ॅसिड कधीच एकत्र करू नका, त्यातून क्लोरीन वायू निघतो, बंद बाथरूममध्ये जिवावर बेतू शकतं). पांढरे क्षार मात्र कोरड्या ब्रशने झाडायचे, ओल्या फडक्याने पुसले की विरघळून परत भिंतीत जातात.

आणि मग थांबायचं, हीच जागा अशी की जिथे घरात भांडणं होतात. नवीन प्लास्टरला पेंट लावण्याआधी साधारण 28 दिवस द्यावेत असं पेंट कंपन्याही सांगतात, आणि आमची भिंत तर त्याआधीच वर्षानुवर्षं भिजलेली. मे महिना होता, इंदूरचं ऊन, दार-खिडकी उघडी, दुपारी टेबल फॅन लावून ठेवायचो. आई रोज विचारायची की पाहुणे आले तर हे उघडं नागडं बाथरूम दाखवायचं का. दाखवलं. हे काम उन्हाळ्यातच करा, दिवाळीआधी करायला गेलात तर भिंतीत पावसाळ्याची ओल असतेच.

सुकल्यावर सियागंज बाजारातून सामान आणलं. दुकानात वॉटरप्रूफिंग म्हटलं की चार वेगळे डबे समोर ठेवतात. मी लिक्विड आणि पावडर मिसळून लावायचं सिमेंट बेस कोटिंग घेतलं, दोन हात, पहिला आडवा दुसरा उभा. नुसता डॅम्पप्रूफ नावाचा पेंट आतून मारून भागत नाही, पाणी मागून ढकलत असेल तर कुठलाही पातळ पडदा शेवटी सुटतो. पुट्टी व्हाइट सिमेंटची, जिप्सम किंवा पीओपीवाली बाथरूममध्ये अजिबात नको, ती पाण्याने मऊ पडते. व्हाइट सिमेंट पुट्टीसुद्धा पातळच, सगळं मिळून दीड मिलिमीटरच्या आत, खड्डे भरायचं काम प्लास्टरचं, पुट्टीचं नाही. मग प्राइमर, मग अँटीफंगल सॅटिन, म्हणजे बुरशी न धरणारा, हलकी चमक असलेला पेंट. ऑइल पेंटवाला भाग पॉलिश पेपरने घासून त्याची चमक पूर्ण मारली. टाइल्सच्या सांध्यातलं जुनं व्हाइट सिमेंट काढून एपॉक्सी ग्राउट भरलं, महाग पडलं, पण बोअरिंगच्या खाऱ्या पाण्यापुढे साधं ग्राउट आमच्याकडे टिकत नाही.

एक्झॉस्ट फॅन महाराणी रोडवरून, सहा इंची. हा लावल्यावर पहिल्या आठवड्यात वाटलं पैसे वाया गेले, फॅन नुसता घोंघावत होता आणि आरसा तसाच धुरकट. कारण साधं होतं, दार जमिनीला इतकं टेकलेलं की आत हवाच येत नव्हती, मग फॅन बाहेर काय फेकणार. सुताराने दार खालून बोटभर कापलं आणि फरक लगेच दिसला. आंघोळ झाल्यावर पंधरा-वीस मिनिटं चालू ठेवतो. पोरं विसरतात, त्यांच्यासाठी टायमर घ्यायचाय.

आता निकाल. नळाजवळची भिंत, जिथे दरवर्षी पहिला फुगा यायचा, ती पूर्ण गुळगुळीत, जुलै-ऑगस्टच्या झडीतही आणि डिसेंबर-जानेवारीतही, आणि थंडीत आमच्याकडे कढत पाण्याने आंघोळी होतात, वाफ कमी नसते. गीझरच्या वर एक छोटी साल सुटली, नखाएवढी, तिथे घासणं राहिलं असणार, कारण आत परत तोच ऑइल पेंट दिसतो. बेडरूमची कपाटामागची भिंत मुद्दाम काही न लावता उघडी ठेवली होती, ती आपोआप कोरडी पडली, आता तिथे साधा डिस्टेंपर मारणार.

न जमलेली जागा दारामागचा कोपरा. टाइलच्या वरच्या काठाशी पांढरी भुकटी येते, फुगा नाही, पण येते. पाइप तिथून जात नाही, त्यामुळे जमिनीतून चढणारी ओल असावी असं प्लंबरचं मत, आणि तसं असेल तर त्याला पायथ्याशी ड्रिल करून केमिकल भरणं हा वेगळाच खर्च. सध्या ब्रशने झाडतो.

सॅटिनबद्दल एक तक्रार, टचअप केला की पॅच उठून दिसतो, त्यामुळे ती नखाएवढी साल नीट करायची तर अख्खी भिंत परत मारावी लागेल. ज्याला हे नको असेल त्याने मॅट घ्यावा, पण मॅटवर साबणाचे डाग घासून निघत नाहीत, आमच्याकडे दोन लहान मुलं आहेत म्हणून मी तरी सॅटिनच परत घेईन.