बीसीएएचा डबा: कैरीचा स्वाद, नऊपैकी तीन

नाशिकला गंगापूर रोडवर माझी मेस आहे. जेवायला येणाऱ्या निम्म्या पोरांच्या बॅगेत शेकर असतोच. त्यातल्या एकाने "काकू, उसळ नको, मी बीसीएए घेतलंय" असं ऐकवलं, तेव्हा म्हटलं, आपणच आणून बघू. बीसीएए म्हणजे ल्युसिन, आयसोल्युसिन आणि व्हॅलिन या तीन अमिनो आम्लांची (प्रथिनं ज्यांची बनतात ते घटक) पाण्यात घालून प्यायची पूड. मी स्वतः सकाळी जिमला जाते, वजनं उचलते, त्यामुळे कॉलेज रोडच्या दुकानात कुणी वेड्यात काढलं नाही.

अडीचशे ग्रॅमचा डबा साडेबाराशेला पडला. सील नीट होतं, १४ आकडी एफएसएसएआय (सरकारी अन्नसुरक्षा खात्याचा) क्रमांक होता, 'औषधी वापरासाठी नाही' हेही छापलेलं. बिल मात्र मागून घ्यावं लागलं.

पूड पाण्यात टाकली की बुडतच नाही, वर तरंगत राहते. शेकर हलवला की नुसता फेस. ल्युसिनला पाण्याचं वावडं, त्यात ते मुळातच कडू. पाण्यात मिसळावं म्हणून लेसिथिन घातलंय, तरी शेवटचा घोट कडसरच लागतो. 'कच्ची कैरी' म्हणे! पन्ह्याशी काडीचा संबंध नाही, आणि सुक्रॅलोजचा, म्हणजे कृत्रिम साखरेचा, गोडवा पोळ्या लाटून होईपर्यंत जिभेवरून हटत नाही.

आता आतल्या मालाचं. एका मापात ५ ग्रॅम बीसीएए, २:१:१ या प्रमाणात. म्हणजे ल्युसिन अडीच ग्रॅम, आयसोल्युसिन आणि व्हॅलिन सव्वा-सव्वा ग्रॅम. शरीराला बाहेरून लागणारी अमिनो आम्लं नऊ, डब्यात तीन. स्नायू बांधायचा निरोप ल्युसिन देतं हे खरं, पण उरलेली सहा नसतील तर बांधणार कशाने? ती शेवटी ताटातूनच यायची. त्या सहांपैकी धान्यात लायसिन कमी, डाळी-कडधान्यांत मेथिओनिन कमी. म्हणून भाकरीबरोबर मटकीची उसळ आणि वर वाटीभर दही. ल्युसिनच हवं असेल तर अर्धा लिटर दुधात दीड ग्रॅमच्या आसपास मिळतं, बाकीची आठही सोबत येतात. साध्या माणसाला किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं पुरतात, असं आयसीएमआरचं (सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेचं) म्हणणं. ६० किलोच्या माणसाला दिवसाला पन्नास ग्रॅम. व्यायाम करणाऱ्याला जास्त लागतात, पण तीही आधी जेवणात वाढवता येतात.

डबा संपेपर्यंत घेतला. स्क्वॉटनंतर मांड्या दुखायच्या तेवढ्याच दुखल्या. पोटाला त्रास काही झाला नाही, तेही सांगायला हवं.

राग आला तो काउंटरवरच्या पोराचा. "घरात सगळ्यांना चालतं, आजोबांनाही द्या," म्हणाला. आमच्या सासऱ्यांना पार्किन्सनसाठी लेव्होडोपाच्या गोळ्या आहेत. आतड्यातून रक्तात आणि पुढे मेंदूत शिरायला ते औषध आणि ही अमिनो आम्लं एकाच दारात गर्दी करतात. गोळीचा असर कमी पडतो. म्हणूनच डॉक्टरांनी गोळी जेवणाआधी, पोट रिकामं असताना द्यायला सांगितली आहे. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय असल्या पुड्यांना हात लावू नये. विकणाऱ्याने निदान "औषधं काही चालू आहेत का?" एवढं तरी विचारावं.

पाचापैकी दोन स्टार, तेही पॅकिंग आणि लेबल स्वच्छ आहे म्हणून. जेवण नीट होतच नसेल, डबा घ्यायचाच असेल, तर व्हे, म्हणजे दुधाच्या निवळीतल्या प्रथिनांची पूड, घ्या. त्यात नऊच्या नऊ असतात, ल्युसिनही भरपूर. दूध पचत नसेल तर सोयाबीनच्या वड्या आणा. शंभर ग्रॅम कोरड्या वड्यांत पन्नासेक ग्रॅम प्रथिनं, कुठल्याही किराणा दुकानात मिळतात. आणि कुठलाही डबा घ्या, बॅच नंबर टाकलेलं पक्कं बिल घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.