जे-पाऊच ऑपरेशन आणि तात्पुरती पिशवी: इथल्या कोलोरेक्टल विभागाचा अनुभव (4/5)

माझ्या धाकट्या भावाला अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याला सूज येऊन जखमा होण्याचा आजार. गोळ्या, स्टिरॉइड, बायोलॉजिक इंजेक्शनं सगळं झालं तरी रक्त पडायचं थांबेना, मग मोठं आतडं काढून लहान आतड्याच्या टोकाचा पाऊच शिवायचा आणि तो खाली गुदद्वाराशी जोडायचा असं ठरलं. तेव्हापासून घरात एकच विषय, शी गोळा करायला पोटावर पिशवी लागणार का? मी मुख्यतः त्याबद्दलच लिहितेय, कारण हा निर्णय पेशंटला समोर बसवून, कारणं सांगून करणारे डॉक्टर आम्हाला इथेच भेटले.

आधी दुसरीकडे दाखवलं होतं, नाव घेत नाही. तिथे रिपोर्ट धड न बघताच "एकाच ऑपरेशनमध्ये सगळं उरकू, पिशवी नको" असं सांगितलं. आईला तर तेच हवं होतं. इथल्या सर्जन मॅडमनी आधी फाइल बघितली. प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड रोज 30 मिलिग्रॅम चालू, अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन) कमी, हिमोग्लोबिन कमी, वजन पार उतरलेलं. त्या म्हणाल्या रोज 20 मिलिग्रॅमच्या वर स्टिरॉइड चालू असताना जॉइंट, म्हणजे आतड्याची शिवलेली जोडणी, नीट भरून येईल याची खात्री नसते, आत्ता पाऊच करायचाच नाही. आधी फक्त मोठं आतडं काढू, लहान आतड्याचं तोंड पोटावर आणून तिथे पिशवी लावू, स्टिरॉइड बंद होऊ दे, अंग भरू दे, मग पाऊच. आणि पाऊचच्या वेळी परत वर लूप इलिऑस्टॉमी, म्हणजे तात्पुरती पिशवी, लावायची का हा वेगळा प्रश्न, तो तेव्हा बघू.

पहिल्या ऑपरेशननंतर भावाचा चेहराच बदलला, जेवायला लागला, वजन वाढलं. म्हणून दुसऱ्या वेळी त्याने स्पष्टच सांगितलं, "मॅडम, आता बिनपिशवीचं जमवा." त्या म्हणाल्या, "जमलं तर नक्की, पण वचन देणार नाही. जॉइंटवर ताण आला तर मी पिशवी लावणार, शुद्धीवर आल्यावर तुम्ही रागावलात तरी चालेल." मग कागदावर चित्र काढून दाखवलं. पाऊच खालपर्यंत ताण न येता पोचला, रक्तपुरवठा चांगला दिसला, जोडणी करणाऱ्या स्टेपलरमधून निघालेल्या आतड्याच्या दोन्ही रिंगा अखंड असल्या आणि हवा भरून केलेल्या टेस्टमध्ये बुडबुडे आले नाहीत तर पिशवीशिवाय पुढे जाता येतं, यातलं एक जरी बिघडलं तर पिशवी. मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते हे की पिशवीमुळे जॉइंट लीक होतच नाही असं त्या म्हणाल्या नाहीत. लीक झालं तर घाण कमी पसरते, घाईघाईत पुन्हा पोट उघडायची वेळ सहसा टळते, आणि पाऊच वाचायची शक्यता वाढते, कारण ओटीपोटात एकदा मोठं इन्फेक्शन झालं की पाऊच कडक होतो आणि कधी कधी काढूनच टाकावा लागतो.

स्टोमा सिस्टरनी, म्हणजे पोटावरच्या आतड्याच्या तोंडाची आणि पिशवीची काळजी घेणाऱ्या नर्सनी, तरीही आदल्या दिवशी जागा मार्क केली. दादा बसा, दादा वाका, बेल्ट कुठे बांधता, घडी कुठे पडते, सगळं बघून पेनने खूण. पिशवी लागेल की नाही माहीत नसतानाही हे केलं, आणि तेच उपयोगी पडलं, कारण आतड्याला धरून ठेवणारा पडदा आखूड निघाला, पाऊच पोचला पण ओढून बसला. पिशवी लावली. भाऊ दोन दिवस कोणाशी बोलला नाही.

आता त्रासाचंही सांगते. लूपची पिशवी पहिल्यापेक्षा जड गेली, कारण ती पाऊचच्या वर असते, बाहेर येणारं पातळ आणि जास्त, कातडी सोलवटायची. घरी आल्यावर दिवसाला दीड लिटरच्या वर जायला लागलं, हा तहान लागली म्हणून नुसतं पाणी पीत राहिला, त्याने अजूनच वाढतं हे आम्हाला नंतर कळलं. क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) चढलं, परत अ‍ॅडमिट, सलाइन. मग ओआरएस, मीठ घातलेली भाताची पेज, जेवणाआधी लोपेरामाइड (जुलाब कमी करणारी गोळी) आणि पिशवीतलं मोजायला एक जग, यावर गाडी रुळावर आली. हे डिस्चार्जच्या वेळीच छापील कागदावर द्यायला हवं होतं.

काही आठवड्यांनी पाऊचोग्राम, म्हणजे डाय घालून एक्स-रे, त्यात गळती नाही असं दिसल्यावरच पिशवी बंद केली. आता दिवसात सहा-सात वेळा जावं लागतं पण रक्त नाही, कळ नाही, ऑफिसला जातो. पिशवी नसती तर लीक झालंच असतं असं कोणी छातीठोक सांगू शकत नाही, मीही सांगत नाही. पण टेबलवर ताण दिसल्यावर मॅडमनी धोका घेतला नाही हे मला पूर्ण पटलंय, आणि भावालाही पटलंय, त्याला विचारूनच लिहितेय.

पाऊचचा विचार करत असाल तर डॉक्टरांना "पिशवी लागेल का" एवढंच विचारू नका, कुठल्या परिस्थितीत लावाल आणि कुठल्या परिस्थितीत नाही ते विचारा, आणि जागा आधी मार्क करणार का तेही. पिशव्या, पेस्ट, पावडर आमच्या मेडिक्लेममध्ये बसलं नाही, तो खर्च वेगळा धरून ठेवा. एक स्टार कापलाय तो रविवारचा, त्या दिवशी स्टोमा सिस्टर नसतात आणि पिशवी गळायला लागली की कॅज्युअल्टीतल्या मुलांना ती बदलता येत नाही.