१९७२ ची शेवरोले सी-१० : नव्या सस्पेन्शनवर नऊ महिने आणि सात हजार मैल

टेक्सासमध्ये स्थायिक झाल्यावर मी घेतलेली १९७२ ची शेवरोले सी-१० ही लांब हौद्याची, १२७ इंच व्हीलबेसची (पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर) पिकअप गाडी आहे. आपल्याकडे पिकअप म्हटले की मागे पाटेच डोळ्यांसमोर येतात. हिला मात्र मागेही कॉइल स्प्रिंगा आहेत. मागचा एक्सेल चॅसीपासून मागे जाणारे दोन लांब दांडे, म्हणजे ट्रेलिंग आर्म, धरून ठेवतात आणि तो डावी-उजवीकडे सरकू नये म्हणून चॅसीपासून एक्सेलपर्यंत एक आडवा दांडा, म्हणजे पॅनहार्ड रॉड, बसवलेला असतो. रचना उत्तम आहे, पण पन्नास वर्षांत सांध्यांतले रबरी बुश दगडासारखे झाले होते आणि वेग ताशी ६० मैलांपुढे गेला की स्टीअरिंग सतत सावरावे लागे.

म्हणून गाडी खाली उतरवणारा नवा सस्पेन्शन संच घेतला. त्यात पुढची बाजू अडीच इंच उतरवणारे स्पिंडल (पुढचे चाक ज्यावर बसते तो भाग), मागे चार इंचांनी बुटक्या स्प्रिंगा, मागचे आखूड शॉक ॲब्सॉर्बर, रबरी बुश आणि लांबी कमीजास्त करता येणारा पॅनहार्ड रॉड होता. पुढे स्प्रिंगा न बदलता स्पिंडल निवडले, कारण त्यात चाक बसण्याची जागाच वर सरकवलेली असते. गाडी खाली येते, पण मूळ स्प्रिंगा आणि आर्मचे कोन बदलत नाहीत. १९७१ पासून या गाड्यांना पुढे डिस्क ब्रेक आले असल्याने माझे ब्रेकही नव्या स्पिंडलवर तसेच बसले.

बसवण्याचे काम मित्राच्या मदतीने दोन शनिवार-रविवार चालले. पुढचे बॉल जॉइंट (आर्म आणि स्पिंडल जोडणारा सांधा) सोडवताना खालच्या आर्मला जॅकचा आधार दिला, स्प्रिंगेभोवती साखळी बांधली आणि नट शेवटच्या काही आट्यांवर तसाच ठेवला. दबलेली स्प्रिंग सुटली तर माणसाचा जीव जाऊ शकतो, म्हणून यात घाई करू नये अशी माझी कळकळीची विनंती आहे.

चूक झाली ती मागे. एक्सेल लोंबकळत असतानाच मी ट्रेलिंग आर्मचे बोल्ट पूर्ण आवळले. रबरी बुश ज्या स्थितीत आवळला जातो त्या स्थितीत घट्ट धरला जातो. पुढे गाडी चाकांवर उतरली की तो कायम पिळलेला राहतो. त्यामुळे गाडी मागे पाऊण इंच उंच बसली आणि दोन महिन्यांत एका बुशला चीर गेली. नवा बुश घालून, गाडी चाकांवर उभी असताना बोल्ट आवळल्यावर दोन्ही तक्रारी मिटल्या. संचासोबतच्या पत्रकात याचा एका ओळीनेही उल्लेख नव्हता, हे मला अक्षम्य वाटते.

गाडी उतरवली की पॅनहार्ड रॉडचा कोन बदलतो आणि एक्सेल एका बाजूला सरकतो. दोन्ही बाजूंना चॅसीपासून ओळंबा सोडून चाकापर्यंतचे अंतर मोजले, तेव्हा एक्सेल अर्धा इंच डावीकडे गेलेला आढळला. रॉडच्या लांबीत फरक करून तो मध्यावर आणला. प्रोपेलर शाफ्टचा (इंजिनाची शक्ती मागच्या एक्सेलला पोचवणारा दांडा) कोनही बदलल्यामुळे ५५ मैलांच्या वेगाला थरथर जाणवत होती. एक्सेल आणि ट्रेलिंग आर्म यांच्यामध्ये पाचरीसारख्या पट्ट्या घातल्यावर ती थांबली. शेवटी चाकांचे अलाइनमेंट, म्हणजे कोन जुळवणे, करून घेतले. आजवर टायरांची झीज सर्वत्र सारखी आहे.

रस्त्यावरचा फरक मोठा आहे. वळणावर गाडी पूर्वीसारखी कलत नाही, सरळ रस्त्यावर ती आपली रेघ सोडत नाही आणि माझी आई, जी या गाडीत बसायला तयार नसे, ती आता तीन तासांचा प्रवास पाठदुखीवाचून करते.

ओझ्याच्या बाबतीत मात्र मी निराश आहे. बागेसाठी सुमारे आठशे पौंड माती आणली तेव्हा खड्ड्याखड्ड्याला एक्सेल रबरी ठोकळ्यांवर आदळत होता, कारण चार इंच उतरवल्यावर त्याला वर जायला पुरेशी जागाच उरत नाही. चॅसीला खाच पाडून ही जागा वाढवता येते, परंतु मूळ चॅसी कापायला माझे मन धजत नाही. हौदा खरोखर वापरणाऱ्यांनी मागे तीन इंचांवर थांबावे. मीही तशा स्प्रिंगा मागवल्या असून त्या बसवल्यावर ओळंबा पुन्हा सोडावा लागेल.