जुना गोठा पाडून देणारा पंचवटीचा ठेकेदार: काम कसे आहे

मखमलाबाद, म्हसरूळ, आडगाव पट्ट्यातले दगडमातीचे जुने गोठे हा ठेकेदार पाडून देतो. सागवान उतरवण्यात त्याचा हात बसलेला आहे, राडारोडा उचलण्यात मात्र तो ढिला पडतो.

‘लाकूड मला द्या, पाडून फुकट देतो’ हे त्याचे पहिले बोलणे. त्याला लगेच होकार देऊ नका, आधी टेप लावा. १० बाय ८ इंची, १२ फुटी तुळईत ६.६७ घनफूट लाकूड असते. अशा सहा तुळया म्हणजे ४० घनफूट. भिंतीत गेलेली टोके बहुधा वाळवीने पोखरलेली असतात, तेवढी सोडून मोजायचे. मग वखारीत भाव विचारला की ‘फुकट’ केवढ्याला पडते ते कळते. मजुरी वेगळी ठरवून लाकूड मालकाकडे ठेवण्याचा व्यवहारही तो करतो. तोच करावा.

उतरवण्याचा क्रम चोख. आधी महावितरणकडून वीज तोडून घ्यायला लावतो. कौले आढ्यापासून खाली, दोन्ही उतारांवरची बरोबरीने काढतो. एकच बाजू मोकळी केली की भार दुसरीकडे जातो आणि मातीत बांधलेली भिंत बाहेर ढकलली जाते. मग रिपा, वासे, शेवटी तुळया. त्याही दोराने खाली सोडतो. जेसीबी फक्त जोत्याला लावतो, हे फार मोलाचे आहे. बकेटने ओढलेली तुळई चिरते आणि सरपणाच्या भावात जाते.

पडवीवरच्या जुन्या सिमेंटच्या पत्र्यांना मात्र त्याची माणसे हातोडा घालतात. त्यांत ॲस्बेस्टॉस (श्वासावाटे फुप्फुसांना घातक ठरणारे तंतू) असू शकते, म्हणून उभे राहून थांबवा. पत्रा पाण्याने भिजवायचा, गंजलेले हुक कापायचे, पत्रा अख्खा उतरवायचा; तोंडाला रुमाल किंवा साधा एन-९५ नाही, पी-१०० किंवा एफएफपी-३ दर्जाचा मास्क हवा.

राडारोड्याचा दर तो खेपेवर सांगतो. ३० बाय १८ फुटी गोठ्याच्या ९ फूट उंच, दीड फूट जाड भिंती म्हणजे जवळपास १३ ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) माल, आणि पाडल्यावर तो आणखी फुगतो. खेपा वाढतातच. तेव्हा ‘जागा मोकळी करून देणे’ असा ठोक आकडा लिहून घ्या. घडीव काळा दगड बाजूला रचायला सांगा, कुंपणाला कामी येतो.

शेजारी द्राक्षबाग असेल तर ऑक्टोबर छाटणीपासून काढणी होईपर्यंत पाडकाम नको. घडांवर धूळ बसते, पानांवरच्या धुळीने लाल कोळी ही कीडही वाढते. एप्रिल-मे बरा, पावसात भिजलेल्या मातीच्या भिंतीजवळ मजूर उभे करणे धोक्याचे.

त्याची सगळ्यात मोठी उणीव खिळ्यांची. रिपांचे खिळे आवारातच पडून राहतात, चाऱ्यातून गाईच्या पोटात गेले तर पोटाचा जाळीदार कप्पा भेदून हृदयापर्यंत पोहोचू शकतात. शेवटचा हप्ता चुंबक फिरवून झाल्यावरच द्या.