कुत्र्याचा ब्लोअर आठ महिने वापरून: घ्यावा का?

आमचा चिवडा, अर्धा लॅब्रॅडोर आणि अर्धा सिडकोतल्या गल्लीतला. तो पाच महिन्यांचा असताना जुलैअखेर हा ब्लोअर, म्हणजे आंघोळीनंतर कुत्र्याचे केस वाळवायचं मशीन, घेतला, आता मार्च चालूये. घेतल्या दिवशीच पाच स्टार देणाऱ्यांवर माझा विश्वास नाही म्हणून एवढे दिवस थांबले.

आंघोळ घालणं अवघड नाहीच हो, दोन बादल्या कोमट पाणी, कानात कापूस, डोकं सगळ्यात शेवटी (डोकं ओलं झालं की अंग झाडायला सुरुवात), पंधरा मिनिटांत मोकळं. जीव जातो तो नंतर वाळवताना. लॅबच्या केसांखाली अजून एक दाट मऊ थर असतो, टॉवेलने पुसलं की वरून कोरडा वाटतो आणि आत बोट घातलं की ओलाच. आणि जुलैत नाशिकला आमचेच कपडे चार चार दिवस वाळत नव्हते तर ह्याचं काय घेऊन बसलात. पोटाखाली लाल चट्टा आला, चाटून चाटून तिथले केसच घालवले पठ्ठ्याने. डॉक्टर म्हणाले ओल राहतेय. त्यात माझाही गाढवपणा, पहिल्या दोन आंघोळी आमच्याच शाम्पूने घातल्या होत्या, अंगभर कोंडा. आपल्या कातडीचा पीएच साडेपाचच्या आसपास आणि कुत्र्याचा सातच्या जवळपास, म्हणून त्यांचा शाम्पू वेगळा, हे नंतर कळलं.

तर ब्लोअर. २४०० वॅटचा आहे, म्हणजे दहा अँपिअरच्या वर घेतो, साधा ६ अँपिअरचा प्लग विसरा. आमच्याकडे गिझर आणि हा एकत्र लावला की एमसीबी पडतो, त्यामुळे आधी पाणी काढून गिझर बंद, मग हा. इन्व्हर्टरवर तर नावच काढू नका. हे खोक्यावर कुठेही लिहिलेलं नाही.

आवाज मिक्सरच्या वर. पहिल्या दिवशी थेट अंगावर धरला आणि चिवडा जो दिवाणाखाली गेला तो रात्री जेवायलाच बाहेर आला. मग तीन आठवडे रोज शेजारच्या खोलीत नुसता चालू ठेवायचा आणि इकडे ह्याला ताटलीला दही चोपडून द्यायचं. जुना पायमोजा कापून कानांवर चढवला. सासूबाई म्हणाल्या, "अगं एवढं तर आम्ही पोरांचं पण नाही केलं." पण जमलं. आता वीस मिनिटांत मुळापर्यंत कोरडा होतो, चट्टा परत आला नाही. गरम हवा मी सगळ्यात कमीवर ठेवते आणि मध्ये माझा हात असतोच, एका जागी धरला तर चटका बसेल. थंडीत भर दुपारीच आंघोळ आणि महिन्यातून एकदाच, नाशिकची जानेवारी माहितीये ना. गोचिडांचं औषध मानेवर टाकलं असेल तर आधी दोन दिवस आणि नंतर दोन दिवस आंघोळ नाही, ते कातडीच्या तेलातून पसरतं, धुतलं तर पैसे पाण्यात.

सोबत फुकट आलेलं नखं कापायचं कटर मात्र टाकून द्या. धार नाही, नख चेपतं. चिवड्याची नखं काळी, आतली रक्ताची शीर दिसतच नाही, एकदा रक्त आलं तेव्हा सासऱ्यांच्या दाढीच्या डब्यातली तुरटी दाबून धरली. आता नखं डॉक्टरांकडेच.

सातव्या महिन्यात पाइप चिरला. सुटा मिळत नाही, मशीनच नवीन घ्या म्हणे. सध्या चिकटपट्टीवर चालूये. चार स्टार दिले असते, एक त्या पाइपने खाल्ला.

आणि हो, बाल्कनीत वापरणार असाल तर आधी खाली डोकवा. मागच्या रविवारी खालच्या काकूंच्या वाळत घातलेल्या कुरडयांवर अर्धा चिवडा जाऊन बसला, अजून बोलत नाहीयेत.