शहरातलं मोठं हॉस्पिटल की ग्रामीण रुग्णालय? दोन्हीकडे ड्युटी केलेल्या सिस्टरचा रिव्ह्यू

जीएनएमचा (नर्सिंग डिप्लोमाचा) रिझल्ट लागला की ज्युनियर मुलींचे मेसेज सुरू होतात, ताई पुण्याला जॉईन होऊ की गावाकडे एनएचएमचा (सरकारच्या राष्ट्रीय आरोग्य अभियानाचा) फॉर्म भरू. मी आधी शहरातल्या एका खाजगी हॉस्पिटलच्या आयसीयूत होते, आता तालुक्याच्या 30 बेडच्या ग्रामीण रुग्णालयात आहे, म्हणून एकदाच सगळं लिहिते. माझं मत विचाराल तर आयसीयू मिळत असेल तर पहिली नोकरी शहरात करा, हात बसला की गावाकडे या.

आयसीयूत इन्चार्ज सिस्टर डोक्यावर उभी असते. व्हेंटिलेटर, सिरिंज पंप, एबीजी (रक्तातल्या ऑक्सिजनची वगैरे टेस्ट) सगळं हाताखालून जातं, हॅन्डओव्हर बेडजवळ उभं राहून द्यायचा आणि तासाचं युरिन लिहायचं राहिलं तर सगळ्यांसमोर ऐकून घ्यायचं. तेव्हा राग यायचा खूप, पण पेशंट सिरीयस व्हायच्या आधी काय काय बदलतं ते मला तिथेच कळायला लागलं. जनरल वॉर्डात टाकलं तर मात्र अर्धी ड्युटी फाइल, बिलिंग आणि टीपीएच्या (इन्शुरन्सचे क्लेम बघणाऱ्या कंपनीच्या) फोनमध्ये जाते. नॉर्मप्रमाणे जनरल वॉर्डात 5 पेशंटमागे 1 नर्स पाहिजे, नाईटला त्याच्या दुप्पट सांभाळलेत आम्ही आणि हे चुकीचंच आहे.

गावाकडे नाईटला एक एमओ (मेडिकल ऑफिसर), आपण आणि एक मावशी. विचारायला दुसरं कोणी नाही. पावसाळ्यात भात लावणीच्या दिवसात साप चावलेले पेशंट येतात, नातेवाईक चौदा जण सोबत, कोणी म्हणतं नाग होता कोणी म्हणतं घोणस. साप कुठला ते शोधत बसायचं नाही, विषावरची लस नाग, मण्यार, घोणस, फुरसं चारही सापांवर एकच असते. कोरड्या काचेच्या ट्यूबमध्ये 2 मिली रक्त घ्यायचं आणि 20 मिनिटं अजिबात न हलवता ठेवायचं, मग तिरपी करून बघायचं, रक्त गोठलं नाही म्हणजे विष भिनलंय. ट्यूब साबणाने धुतलेली असेल तर टेस्ट चुकते, म्हणून मी स्वच्छ कोरड्या ट्यूब वेगळ्या काढून ठेवते. लहान मुलालासुद्धा डोस मोठ्या माणसाएवढाच, कारण साप विष काही कमी सोडत नाही, आणि लस चालू करायच्या आधी ॲड्रेनॅलीन भरून हाताशी ठेवायचं कारण रिॲक्शन कधीही येते. आयसीयूत मॉनिटरकडे बघायची सवय लागलेली म्हणून अशा रात्री मला श्वास मंदावलेला, पापणी जड झालेली लगेच दिसते. 108 येऊन जिल्ह्याला पोचेपर्यंत पेशंट आपल्याच हातात असतो हो. डिलिव्हऱ्यांचंही तेच, शहरात डॉक्टरच्या मागे उभं राहून बघायचे, इथे बाळ माझ्या हातात येतं.

आता पैसे. परमनंट सरकारी स्टाफ नर्सचं बेसिक सातव्या वेतन आयोगात 35,400 पासून, वर डीए वगैरे. एनएचएमचं कंत्राट 11 महिन्यांचं असतं, पुढे रिन्यू होईल का ही धाकधूक दरवर्षी आहेच. खाजगीत तर सुप्रीम कोर्टाच्या आदेशावरून नेमलेल्या कमिटीने 2016 मध्येच सांगून ठेवलंय की 200 च्या वर बेड असतील तर पगार राज्य सरकारच्या नर्सएवढा द्या आणि 50 पेक्षा कमी असले तरी 20,000 च्या खाली नको. किती ठिकाणी मिळतो ते शहरात काम करणाऱ्या मैत्रिणींना विचारा, आणि त्यातून रूमचं भाडं, मेस वजा करून मगच आकडा बघा.

म्हणून माझ्याकडून शिकण्यासाठी शहराला 5 पैकी 4, पगार आणि वागणुकीला 2. ग्रामीणला कामाच्या समाधानासाठी 5, सोयींना 2 च, कारण क्वार्टर कागदावर असतं पण पाणी, लाईट, दाराची कडी धड आहे का ते जॉईन व्हायच्या आधी स्वतः जाऊन बघावं लागतं. आणि शहरात कुठेही बॉन्डवर (ठरावीक काळ नोकरी सोडणार नाही अशा करारावर) सही करू नका, ओरिजिनल सर्टिफिकेट तर अजिबात जमा करू नका, झेरॉक्स द्या, ओरिजिनल दाखवा आणि परत घ्या. आमच्या बॅचच्या मुलींना तेच सोडवायला महिनोनमहिने चकरा माराव्या लागल्यात.